हॉक्स्टनचे डॉक्टर

मुलांनो, आमच्या पातूरचे बसस्थानक असो की तुमच्या गावचे, गाडीची वाट पाहत तुम्ही तेथे पुष्कळदा थांबला असाल. अशा वेळी तुम्ही गप्पा मारता, शेंगदाणे खाता, मोबाईल पाहता. एकदा काहीही न करता नुसती येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल पाहा. कोणी हात झुलवत चालतो, कोणी पाय ओढत चालतो. एखादे बुजुर्ग पुढे वाकून, अगदी लहान लहान पावले टाकत येतात. कोणीतरी मागून ढकलत आहे असे त्यांच्याकडे पाहून वाटते. त्यांचा एक हात अंगाशी चिकटलेला असतो आणि त्या हाताची बोटे थरथरत असतात. म्हातारपण आहे, असे म्हणून आपण दुसरीकडे पाहू लागतो.

दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधील एका डॉक्टरांनी अशा माणसांकडे पाहिले आणि ते पाहतच राहिले. काही जणांना तर त्यांनी भर रस्त्यात थांबवून विचारपूस केली. जे दिसले ते त्यांनी लिहून ठेवले. त्यांचे नाव जेम्स पार्किन्सन. आपण ज्याला कंपवात म्हणतो, तो आजार आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हाताच्या थरथरीला तुमच्या घरी रअशा म्हणत असतील. इब्ने सीना यांच्या अल-कानून या ग्रंथातही रअशाचे वर्णन आहे. परंतु थरथर, वाकलेले शरीर, मंदावलेल्या हालचाली आणि धावती पावले ही सारी एकाच आजाराची लक्षणे आहेत, हे पार्किन्सन यांनी स्पष्टपणे मांडले.

मला हे नाव प्रथम कळले ते माझ्या नानांमुळे. त्यांच्याविषयी पुढे सांगेन.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी हॉक्स्टन येथे झाला. हॉक्स्टन तेव्हा लंडन शहराच्या कडेला होते. आज तो लंडनचाच एक भाग आहे. त्यांचे वडील जॉन हेही वैद्यकीचा व्यवसाय करीत. रुग्ण तपासायचा, औषध स्वतः कुटून-घोटून तयार करायचे आणि गरज पडल्यास लहानशी शस्त्रक्रियाही करायची, अशी त्या काळची पद्धत होती. आपल्याकडे हकीम आणि अत्तार ही दोन कामे एकाच माणसाने करावीत, तसेच काहीसे. जेम्स वडिलांच्या हाताखालीच शिकले. १७७६ मध्ये त्यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये सहा महिने काम केले. पुढच्याच वर्षी श्वास बंद पडलेल्या एका माणसाचे प्राण त्यांनी वाचवले आणि त्याबद्दल त्यांना रौप्यपदक मिळाले. १७८४ मध्ये त्यांना शस्त्रवैद्य म्हणून मान्यता मिळाली.

त्यांना एक चांगली सवय होती. त्यांनी लघुलेखन शिकून घेतले होते. जॉन हंटर हे त्या काळचे फार मोठे शस्त्रवैद्य. त्यांची व्याख्याने ऐकताना पार्किन्सन भराभर टिपणे घेत. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलाने ती टिपणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. वैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लघुलेखन शिकावे, असा त्यांचा आग्रह असे. वर्गात शिक्षक बोलत असताना वही बंद ठेवून बसणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे!

हॉक्स्टनमध्ये गरीब लोकांची वस्ती वाढत होती. या गरिबांना राज्यकारभारात काही आवाज नव्हता. मत देण्याचा अधिकार थोड्या श्रीमंतांनाच होता. पार्किन्सन यांना हे सहन होत नसे. त्यांनी म्हातारा ह्यूबर्ट या टोपणनावाने पत्रके लिहिली आणि सर्वसामान्यांना मताधिकार मिळावा म्हणून झटणाऱ्या एका संस्थेत ते सामील झाले. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली होती. त्यामुळे इंग्लंडचे सरकार घाबरलेले होते. १७९४ मध्ये या संस्थेतील काही जणांवर राजा तिसरा जॉर्ज याला मारण्याचा कट केल्याचा आरोप आला. नाटकगृहात बसलेल्या राजावर हवेच्या बंदुकीतून विषारी बाण सोडायचा, असा तो कट होता म्हणे! आपल्या सोबत्यांच्या बाजूने सांगण्यासाठी पार्किन्सन सरकारी चौकशीला सामोरे गेले. समोर प्रत्यक्ष पंतप्रधान पिट बसलेले होते. मला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडणार नसाल तरच मी उत्तर देईन, अशी अट त्यांनी घातली. ती पत्रके आपणच लिहिली हेही त्यांनी मान्य केले. पुढे कटाचा तो आरोप टिकला नाही.

चौकशीनंतर काही वर्षांत त्यांनी राजकारण मागे ठेवले. काही लोक म्हणतात, ते घाबरले. मला तसे वाटत नाही. गरिबांसाठी लिहिणे त्यांनी सोडले नाही, फक्त विषय बदलला. साधी माणसे घरी वाचू शकतील अशी आरोग्याची पुस्तके त्यांनी लिहिली. धोक्याच्या खेळांपासून मुलांनी दूर राहावे म्हणून एक लहानशी गोष्टही लिहिली. साथीच्या तापाचे रुग्ण इतर गरिबांमध्ये मिसळू नयेत, त्यांच्यासाठी वेगळा कक्ष असावा, असे त्यांनी आग्रहाने मांडले. १८१२ मध्ये त्यांनी आपल्या मुलाबरोबर आंत्रपुच्छाच्या आजाराची एक नोंद प्रसिद्ध केली. इंग्रजी भाषेतील अशा पहिल्या नोंदींत तिची गणना होते.

त्यांचा आणखी एक छंद होता. तो म्हणजे जीवाश्म गोळा करणे. फार पूर्वी जमिनीत गाडले जाऊन दगड बनलेले प्राणी आणि वनस्पती म्हणजे जीवाश्म. आपल्या राज्यात गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात वडधम येथे असे जीवाश्म पाहायला मिळतात. पार्किन्सन यांनी या विषयावर १८०४ ते १८११ या काळात तीन मोठे खंड लिहिले. १८०७ मध्ये लंडनची भूशास्त्र संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांमध्येही ते होते. शंखासारख्या एका प्राचीन प्राण्याला त्यांच्याच नावावरून नाव दिलेले आहे. गंमत अशी की त्यांच्या हयातीत लोक त्यांना जीवाश्मांचे जाणकार म्हणूनच अधिक ओळखत होते.

दगडांतील बारीक रेषा तासन्‌तास पाहणारा हा माणूस. रस्त्यावरची माणसेही त्याच नजरेने पाहिली तर त्यात नवल काय?

१८१७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी थरथरीच्या लकव्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो ६६ पानांचा आहे. त्यात अवघ्या सहा रुग्णांची हकीकत आहे. त्या सहांपैकी दोघे त्यांना रस्त्यात भेटले होते. एकाला तर त्यांनी केवळ लांबून पाहिले होते.

पहिला रुग्ण पन्नाशी ओलांडलेला माळी होता. तो अतिशय संयमी होता, दारूच्या वाटेला जात नसे. ही गोष्ट पार्किन्सन यांनी मुद्दाम लिहून ठेवली आहे. हात थरथरला की लोक लगेच काय म्हणतात, हे त्यांना ठाऊक असावे. रस्त्यात भेटलेल्यांपैकी एक बासष्ट वर्षांचा होता आणि न्यायाधीशाच्या कचेरीत काम करीत असे. दुसरा पासष्ट वर्षांचा, एकेकाळी धडधाकट असलेला खलाशी होता. लांबून पाहिलेला रुग्ण तर विसरता येत नाही. त्याला सावकाश चालताच येत नव्हते, धावताच येत असे. त्याचा नोकर समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. रुग्ण मागे-पुढे हलकेच झुलून तोल साधत असे. मग त्याने इशारा केला की नोकर झटकन बाजूला होई आणि त्याच्या पुढे धावू लागे. कारण वीसेक पावलांनंतर त्याला पडण्यापासून सावरणारे कोणीतरी पुढे हवे असे. सहावा रुग्ण बहात्तर वर्षांचा होता. त्याला मध्येच लकव्याचा झटका आला, तेव्हा त्या बाजूची थरथर थांबली. दोन आठवड्यांनी हातात बळ आले आणि थरथरही परत आली.

पाहा, या हकीकतींमध्ये एकही यंत्र नाही. क्ष-किरण नाहीत, रक्ताची तपासणी नाही. पार्किन्सन यांच्याकडे डोळे, कान आणि वही होती. आजार हळूहळू येतो. बहुधा एका हातापासून सुरू होतो. हात स्वस्थ ठेवला असताना थरथर अधिक दिसते. पुढे लिहिणे, जेवणे कठीण होते. शरीर पुढे वाकते. हे सर्व त्यांनी बरोबर टिपले.

आजाराच्या कारणाबाबत मात्र ते चुकले. दोष मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या भागात असावा, असे त्यांना वाटले. म्हणून मानेतून रक्त काढण्याचा उपायही त्यांनी सुचवला. तो उपाय निरुपयोगी होता. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मृत रुग्णाचे शरीर तपासण्याची संधी मला मिळालेली नाही, म्हणून हा माझा केवळ तर्क आहे, असे त्यांनी निबंधातच सांगून टाकले. शरीररचना जाणणाऱ्यांनी पुढे येऊन खरे कारण शोधावे, अशी विनंतीही केली. पाहिलेले कोणते आणि मानलेले कोणते, या दोहोंत त्यांनी गल्लत होऊ दिली नाही.

२१ डिसेंबर १८२४ रोजी हॉक्स्टन येथेच त्यांचे निधन झाले. जेथे त्यांचे नामकरण आणि लग्न झाले होते, त्याच सेंट लेनर्ड चर्चच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. त्यांचे एकही खात्रीचे चित्र उपलब्ध नाही. इंटरनेटवर दाढीवाल्या गृहस्थाचा एक फोटो त्यांच्या नावाने दिसतो. त्यावर विश्वास ठेवू नका. ते वारले तेव्हा माणसांचे फोटो काढण्याची कला जन्मालाच आलेली नव्हती! त्यांना पाहिलेल्या एका समकालीनाने त्यांचे वर्णन केले आहे. त्यावरून ते थोडे बुटके, हसतमुख आणि मृदू स्वभावाचे होते, एवढे समजते. निबंध तसा विस्मृतीतच गेला होता. सुमारे पन्नास वर्षांनी पॅरिसमधील नामवंत डॉक्टर शार्को यांनी त्याचे महत्त्व ओळखले आणि या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले.

खरे कारण सापडायला पार्किन्सन यांच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षे लागली. आपल्या मेंदूच्या खालच्या भागात एक छोटा काळसर पट्टा असतो. त्यातील चेतापेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हातापायांच्या हालचाली सहज व्हाव्यात यासाठी ते लागते. कंपवात झालेल्यांमध्ये या काळसर पट्ट्यातील पेशी नष्ट झालेल्या असतात, हे १९१९ मध्ये पॅरिसमध्ये दिसून आले. १९६० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचे दाखवले. मग डोपामिनच औषध म्हणून का देऊ नये? अडचण अशी की रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर जणू पहारा असतो. डोपामिनला तेथे प्रवेश मिळत नाही. लेव्होडोपा या त्याच्या भावंडाला मात्र मिळतो. आत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. १९६७ नंतर लेव्होडोपाचे उपचार जगभर रूढ झाले.

हे लेव्होडोपा आपल्याला परके नाही. पावसाळ्यानंतर डोंगरातल्या झुडपांवर खाजकुयलीच्या शेंगा लागतात. त्यांच्या केसाळ सालीला हात लागला की अंगाची आग आग होते. उर्दूत तिच्या बियांना कौंच के बीज म्हणतात. आयुर्वेदात आणि युनानीत या बिया फार जुन्या काळापासून वापरल्या जातात. त्यांत लेव्होडोपा असते, हे १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवून दिले. पुढे १९७० च्या दशकात मुंबईतील डॉक्टरांनी या बियांची भुकटी कंपवाताच्या रुग्णांना देऊन तिचा परिणाम तपासला. परंतु म्हणून कोणी घरच्या घरी बिया कुटून खाऊ नयेत. कोणत्या बीत औषध किती, हे डोळ्यांनी दिसत नाही. जास्त झाले तर ते त्रासदायक ठरते.

आता नानांकडे येते. शाहबाबूंच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. मी शाळेत असताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट एकमेकांवर घासताना दिसू लागले. जणू ते धाग्याची गोळी वळत आहेत. शिंप्याची सवय आहे, असे आम्ही म्हणालो. मग ते सुईत दोरा ओवण्यासाठी मला हाक मारू लागले. नजर कमी झाली, असे आम्ही म्हणालो. त्यांच्याकडे मापांची एक लांबट वही होती. छाती, कंबर, बाही, उंची असे आकडे ते एका ओळीत लिहीत. त्या वहीतले आकडे महिन्यामहिन्याला लहान होत गेले. शेवटी मामूंना ते वाचता येईनात आणि एका गिऱ्हाइकाचा सदरा चार बोटे आखूड शिवला गेला. तेव्हा आम्ही नानांना अकोल्याला डॉक्टरांकडे नेले. अक्षर बारीक होत जाणे हेही या आजाराचे लक्षण आहे, हे आम्हांला तेथे कळले. ती वही घरात सर्वांच्या डोळ्यांसमोर पडलेली असे. कोणीच नीट पाहिले नव्हते.

लेव्होडोपाच्या गोळ्यांनी नाना पुन्हा मशीनवर बसू लागले. पाच-सहा वर्षे बरी गेली. पुढे गोळीचा असर लवकर उतरू लागला. असर असतानाही कधी कधी मान आणि खांदे नको तसे हलत. यात सगळा दोष औषधाचाच नाही. गोळी डोपामिनची उणीव भरून काढते. मेलेल्या पेशी ती परत आणू शकत नाही. मागे पेशी मरतच राहतात.

म्हणून शास्त्रज्ञांच्या मनात विचार आला की नव्या पेशीच लावल्या तर? शेतकऱ्यांच्या मुलांना हे लगेच समजेल. कपाशीच्या ओळीत काही ठिकाणी बी उगवत नाही, तेव्हा तेथे पुन्हा बी टोचून नांग्या भरतात. मेंदूतही नांग्या भरता येतील का, असा हा प्रश्न आहे. १९८७ मध्ये स्वीडनमध्ये गर्भातील पेशी रुग्णांच्या मेंदूत बसवण्याचे प्रयोग सुरू झाले. काहींना चांगला गुण आला. काहींना आला नाही आणि काहींच्या शरीराला नको असलेले झटके येऊ लागले. शिवाय अशा पेशी मिळणे कठीण आणि त्यावर नैतिक प्रश्नही पुष्कळ.

यातून पुढचा मार्ग मूलपेशींनी दाखवला. मूलपेशी म्हणजे अशी पेशी, जिच्यापासून शरीरातील इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात. इंग्रजीत तिला स्टेम सेल म्हणतात. जपानमधील शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशीला पुन्हा मूलपेशीसारखे बनवून दाखवले. शिवलेला सदरा उसवून त्याचे पुन्हा अखंड कापड करावे, असे हे काम आहे. कोणताही शिंपी सांगेल की ते अशक्य आहे. यामानाका यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा पेशींपासून डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी वाढवून त्या रुग्णाच्या मेंदूत सोडण्याचा प्रयोग २०१८ मध्ये जपानमधील क्योटो विद्यापीठात सुरू झाला. एकूण सात रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. गुण किती आला ते सहा रुग्णांमध्ये मोजले गेले. औषधाचा असर उतरलेला असतानाही त्यांपैकी चौघांच्या हालचाली सुधारलेल्या दिसल्या. त्याच वर्षी अमेरिका व कॅनडात बारा रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगाचे निष्कर्षही आशादायक आले. सात आणि बारा, मिळून एकोणीस माणसे. एका वर्गातील विद्यार्थ्यांपेक्षाही कमी. नुसता धीर मिळाल्यानेही काही काळ बरे वाटू शकते. म्हणून पेशी न बसवलेल्या रुग्णांशी तुलना करून पाहावी लागते. हे काम करणारे संशोधक स्वतःच हे सांगतात.

सर्वजण मात्र असे सांगत नाहीत. नानांच्या आजाराला काही वर्षे झाल्यावर मामूंच्या हाती एक रंगीत पत्रक आले. एका मोठ्या शहरातील दवाखान्याचे ते होते. कंबरेच्या हाडातील रस काढून त्यातील स्टेम सेल पुन्हा शरीरात सोडायच्या, की थरथर जाते, असे त्यात छापलेले होते. नानांनी मामूंना एकच गोष्ट विचारायला सांगितली. आतापर्यंत किती जणांचे हात थांबले, त्याची वही त्यांच्याकडे आहे का? मामूंनी फोन केला. पलीकडून उत्तर आले की प्रत्येकाला फायदा होतोच, लवकर नाव नोंदवा. नानांचे मन नव्हते. पण बाप समोर थरथरत असताना मुलाने गप्प कसे बसावे? मामींचे दागिने गेले, मामूंची मोटारसायकल गेली. मी मामूंना दोष देत नाही. पत्रक माझ्या हाती आले असते तर मीही तेच केले असते.

आपल्या देशात याबाबत नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००७ मध्येच मूलपेशींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. २०१७ च्या सुधारित सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी होणारे मूलपेशींचे रोपण हा मान्य उपचार आहे. कंपवातासारख्या आजारांत मूलपेशी वापरायच्या तर त्या मान्यता मिळालेल्या प्रयोगातच वापरता येतात. अशा प्रयोगात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. आम्हांला यातले काहीही माहीत नव्हते. तुमच्या घरी, शेजारी कोणी असे पत्रक आणले तर हे दोन मुद्दे त्यांना वाचून दाखवा. ही मराठी त्यांना कठीण वाटली तर उर्दूत समजावून सांगा.

कंपवात मोठ्या माणसांनाही चुकलेला नाही. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांना तो ऐन चाळिशीत झाला. १९९६ मध्ये अटलांटा येथे त्यांनी थरथरत्या हाताने ऑलिम्पिकची ज्योत पेटवली, ते साऱ्या जगाने पाहिले. मराठीचे लाडके लेखक पु. ल. देशपांडे यांनाही अखेरच्या काळात हाच आजार होता. पार्किन्सन यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा जगभर पार्किन्सन दिवस म्हणून पाळला जातो. हा आजार झालेल्या एका डच बागायतदाराने आपल्या बागेत तयार केलेल्या लाल-पांढऱ्या ट्यूलिपला डॉक्टर जेम्स पार्किन्सन असे नाव दिले. लाल ट्यूलिप हे आता या आजाराशी झगडणाऱ्यांचे चिन्ह बनले आहे.

नाना २०१७ मध्ये वारले. त्यांची ती लांबट वही माझ्याजवळ आहे. शहरात जायचे ठरले त्या दिवसापासून दर शुक्रवारी सकाळी, गोळी घेण्यापूर्वी, ते तिच्यात एक ओळ लिहीत. एक ते दहा आकडे आणि शेवटी स्वतःचे नाव. त्यांना असे करायला कोणी सांगितले नव्हते. आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले की माप घेतल्याशिवाय कापड कापू नये. परत आल्यावरही त्यांनी वर्षभर हा क्रम चालू ठेवला. उपचाराच्या शुक्रवारी त्यांनी समासात एक फुली केली आहे. तिच्या वरच्या ओळी आणि खालच्या ओळी मी अनेकदा पट्टी लावून मोजल्या. फुलीच्या वर सातचा आकडा तांदळाच्या दाण्याएवढा आहे. खाली तो हळूहळू मोहरीएवढा होत जातो. शेवटच्या पानावर नाव वाचता येत नाही, पण ओळ सरळ आहे.